महादूचे डोळे

तोंडवली
५ डिसेंबर २०२४

चि. किशोरी,

काकाचं पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. फोन का केला नाही म्हणशील, तर अडतीस वर्षं पोस्टमन म्हणून काढलेल्या माणसाने फोन करायचा म्हणजे खानावळवाल्याने बाजूच्या हॉटेलात जेवायला जायचं. शिवाय मला फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की तुझी काकी माझ्याआधी उत्तर देते.

वाडीतली माणसं विचारतात, "तुमचा चेडू डोळ्यांचा डॉक्टर ना?" मी सांगतो, "हो. उंदरांच्या डोळ्यांचा." अभिमानानेच सांगतो.

आता काम. महादू तुला आठवत असेल, आमच्या मागच्या घरातला, तुझ्या वर्गातल्या रश्मीचा बाप. सध्या पहाटे तो माझ्याबरोबर किनाऱ्यावर असतो. पोस्टातून सुटल्यापासून मी कासवांची राखण करतो हे तुला ठाऊक आहे. मादी रात्री वर येते, वाळूत अंडी घालते आणि जाते. उजाडायच्या आत तिच्या पावलांचा माग काढून घरटं शोधायचं आणि अंडी कुंपणात हलवायची. उशीर झाला तर कुत्री आहेतच. बॅटरी लावायची नाही, उजेड बघून मादी अंडी न घालताच पाण्यात वळते. वनखात्याने लाल कागद लावलेली बॅटरी दिली आहे, ती फक्त अंडी उचलताना. म्हणजे सगळा खेळ डोळ्यांचा.

तर महादूला हल्ली काळोखात दिसत नाही. दिवसा पेपर वाचतो, समुद्रातल्या होडीचा रंग सांगतो. तिन्हीसांजेनंतर मात्र दाराच्या चौकटीला विचारून बाहेर पडतो. चष्म्याच्या दुकानात जाऊन आला, नंबर तोच. वनखात्याला कळलं तर राखणीला दिलेला किनाऱ्याचा त्याचा पट्टा काढून घेतील, आणि त्या पट्ट्याशिवाय माणूस काय करणार, ओटीवर बसून नारळ मोजणार? असं का होतं ते तू लिही. त्याचं नाव कुठे बोलू नकोस. माणूस मानी आहे.

तुझा
लवूकाका

ता.क. मागच्या पाकिटावर तू पिनकोड घातला नव्हतास. पोस्टमनच्या पुतणीला हे शोभत नाही.


हैदराबाद
१४ डिसेंबर २०२४

प्रिय लवूकाका,

पिनकोड या वेळी दोनदा घातला आहे, एक तुमच्यासाठी आणि एक पोस्टासाठी.

महादूकाकांच्या डोळ्यांचं तुमच्या भाषेत सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्यात काही पेशी फक्त अंधुक उजेडासाठी असतात. त्यांच्यात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक तुकडा वाकून बसलेला असतो. उजेडाचा एक कण जरी त्याच्यावर पडला तरी तो ताठ होतो. तो ताठ झाला, हीच मेंदूला जाणारी बातमी. पण ताठ झालेला तुकडा पुन्हा कामाचा नाही. तो सुटतो, पडद्याला चिकटून जो शेजारचा थर आहे तिथे जातो, तिथे त्याला पुन्हा वाकवतात आणि परत जागेवर पाठवतात.

तुमच्या टपालाच्या थैल्यांसारखं. थैली भरून गेली, पत्रं उतरली, की रिकामी थैली परत आली पाहिजे. नाहीतर उद्याची डाक कशात भरायची? त्या शेजारच्या थरात थोड्या थैल्या राखीवही ठेवलेल्या असतात. इतकं काटकसरीचं खातं मी दुसरं पाहिलेलं नाही.

गंमत सांगू? तुम्ही पहाटे निघण्याआधी अर्धा तास मागच्या ओटीवर डोळे मिटून बसता आणि काकीने दिवा लावला तर तिच्यावर ओरडता. आम्हाला वाटायचं, हा आजोबांनी शिकवलेला मंत्रतंत्र. उजेडात सगळ्या थैल्या एकदमच बाहेर पडलेल्या असतात, त्या परत येऊन भरायला तेवढाच वेळ लागतो. आजोबांनी आमच्या प्रयोगशाळेशिवायच अर्धा तास बरोबर मोजला होता.

पण फिरवाफिरवीत थोड्या थैल्या फाटतात, हरवतात. त्यांच्या जागी नव्या यकृतातून येतात. मोठं कोठार तिथे आहे, धडधाकट माणसाचं वर्ष-दोन वर्षं पुरेल एवढं. ते रिकामं झालं की आधी काळोखातली नजर जाते.

आता महादूकाकांच्या यकृताचं काय झालं असेल, हे मी न सांगताही तुम्हाला कळेल. काजूची फेणी. त्यांना गाजर, शेवग्याचा पाला, अंडी खायला सांगा, आणि रक्त तपासायला सांगा. त्यांना कधी पोटाचं दुखणं, कावीळ, जुलाब असं काही झालं होतं का, तेही विचारून कळवा.

तुमची
किशोरी


तोंडवली
३ जानेवारी २०२५

चि. किशोरी,

मी तुला नाव कुठे बोलू नकोस असं लिहिलं होतं. तू रश्मीला फोन केलास! पोरीने बापाच्या कपाटातून तीन बाटल्या काढून परसात ओतल्या. महादू दोन दिवस माझ्या दारात उभा राहून विचारतो आहे, "लवू, खऱ्यान सांग, माझ्या डोळ्यांचा काय झाला?" मी सांगितलं, बाबा, सरकारी योजना आहे, सगळ्यांचे डोळे विचारतायत. रश्मी त्याला कुडाळला नेऊन रक्तही तपासायला देऊन आली. तुझ्या हातात टपाल देणं म्हणजे वाऱ्यावर देणं.

असो. महादूने गाजरं खाल्ली. इतकी, की काकी विचारायला लागली, "महादूच्या गाजरांचा कचरो आमच्या घरात कित्या?" पंधरा दिवसांत फरक शून्य. मग कोणीतरी त्याला सांगितलं की मोरीच्या, म्हणजे तुमच्या शार्क माशाच्या, काळजाच्या तेलात हे जीवनसत्त्व गच्च भरलेलं असतं. आपल्याकडे ते तेल होडीच्या लाकडाला लावतात, हे तुला माहीत आहे. मालवणहून बाटली आणली. होडी पंचवीस वर्षं टिकते तर माणूस का नाही, असा हिशेब करून दोन मोठे चमचे घेतले. तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तेल जसं गेलं तसंच आलं, वर तरंगत. जास्त लिहीत नाही.

पोटाचं विचारलंस. पोट लोखंडाचं. कधी काही नाही.

आता गमतीचं नाही ते लिहितो. तीस तारखेला अवस होती. महादू एका घरट्याच्या बाजूने गेला. तीन पावलं, फार तर चार. उजाडल्यावर परत आला तर कुत्र्यांनी खड्डा करून टाकला होता. शंभराच्या वर टरफलं. त्याने ती गोळा करून वाळूत पुरली आणि वहीत काही लिहिलं नाही. आठ वर्षांत त्याने असं केलं नव्हतं. दीपेश म्हणून खात्याचा बीट गार्ड आहे, तरुण मुलगा, महादूवर फार विश्वास. त्याने विचारलं, "काल काय नाय?" महादू म्हणाला, "काय नाय."

महादू म्हणतो, राखणीची काठी खात्याच्या ताब्यात द्यावी. मी म्हटलं, किशोरीचं पत्र येईपर्यंत थांब.

लवूकाका


हैदराबाद
११ जानेवारी २०२५

प्रिय लवूकाका,

रश्मीने तिच्या वडिलांचा अहवाल मला पाठवला. महादूकाकांचं यकृत बघून आमच्या विभागातल्या दोघांना हेवा वाटला. ती म्हणते, बाबा रात्री दिवे गेलेले असताना गळाला दोरा ओवतात. तीन दिवस आजारी पडल्याचं तर घरात कोणाला माहीतच नाही. आणि कासवांच्या वाटेला ते आयुष्यात गेलेले नाहीत, कारण सकाळी आठच्या आधी उठत नाहीत.

तेव्हा काका, आता ज्या महादूच्या पायात तुमच्या चपला आहेत, त्याच्याशी बोलते.

तेलाच्या गोष्टीवर मी दुपारभर हसले आणि मग एकदम हसणं थांबलं. अ जीवनसत्त्व तेलात विरघळतं. ते तेलाबरोबरच आतड्यातून अंगात शिरतं. ज्याच्या पोटात तेल टिकत नाही, त्याच्या पोटात हे जीवनसत्त्वही टिकत नाही. मग तो गाजराचं शेत खाऊ दे. डोळ्यातली फिरवाफिरवी चालू आहे, पण नवा माल बंदरातच उतरत नाही.

आणि कोठार वर्ष-दोन वर्षं पुरतं, म्हणजे दुखणं आजचं नसणार. दोन-चार वर्षांपूर्वी काहीतरी घडलेलं असणार, जे तेव्हाच मिटलं असं सगळ्यांना वाटलं. लोखंडाच्या पोटाला कधी कापलं होतं का?

मला खरं लिहा. त्या घरट्याचं वाचून मलाही झोप लागली नाही. पण या दुखण्यावर उपाय आहे, काका. आंधळेपणा म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

किशोरी


तोंडवली
१८ जानेवारी २०२५

चि. किशोरीस काकीचा आशीर्वाद.

तुझं पत्र संध्याकाळी आलं. दिव्याखाली तुझ्या काकांनी वाचलं, घडी करून डब्यात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "थंडी बरी आसा यंदा." तेव्हाच मी ओळखलं. सकाळी ते अंघोळीला गेले तशी मी डबा उघडला.

कापलं होतं. तू जर्मनीत होतीस, दुसरा लॉकडाऊन, २०२१. आतड्याला पीळ पडला, गोव्याला नेलं, काळं पडलेलं आतडं काढून टाकलं. डॉक्टर हाताने दाखवत होता, एवढं. मला बघवेना म्हणून मी खिडकीकडे बघत होते. तुझ्या बाबांना अपेंडिक्स सांगितलं. मला शपथ घातली. कागदावर लिहिलं होतं की सुया आणि गोळ्या कायम घ्यायच्या. वर्षभर घेतल्या, मग म्हणाले, "माका काय झाला हा? बरो आसंय." तेव्हापासून खोबरं, तेल पोटात राहत नाही. जेवणातून ते काढलं. जगाला सांगतात, वयाप्रमाणे साधं खातो.

आणखी एक, ते तुझ्यातच ठेव. आठवडाभरात मला कळलं होतं की यांना दिसत नाही. अंगणात माझ्या हातचा तांब्या समजून हवेला हात लावला. मी काही बोलले नाही. पट्टा गेला तर हे माणूस सुकून जाईल. म्हणून ते ओटीवर डोळे मिटून अर्धा तास बसतात, तेवढ्यात मी पुढच्या दाराने निघते. किनाऱ्यावर माग सापडला की तिथे नारळाची झावळ आडवी टाकते आणि सुरूच्या झाडामागे उभी राहते. यांचा पाय अडखळतो, खाली बसतात, हाताने चाचपतात, घरटं मिळतं. घरी येऊन मलाच सांगतात, "आज वासावरून काढलंय!" मी चहा ठेवते.

यंदा आतापर्यंत वाचलेली पाच. त्यातली दोन त्यांची, चांदणं होतं तेव्हाची. तीन माझी. अवसेला मी तापाने पडले होते. ते घरटं गेलं. त्यांनी टरफलं कुठे पुरली ते मला माहीत आहे, मी जाऊन बघून आले.

तू त्यांना ओरड, पण झावळीचं सांगू नकोस.

यशोदा


हैदराबाद
२७ जानेवारी २०२५

प्रिय लवूकाका,

डबा सुरक्षित जागा नाही. काकीने सगळं लिहिलं आहे. पोस्टात अडतीस वर्षं काढूनही तुम्हाला चोरून पत्र ठेवता येत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कायमच्या सुया लिहिल्या म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असणार; तो गेला की पित्त वाया जातं, आणि पित्ताशिवाय तेल पचत नाही. तुमचं सगळं दुखणं एवढंच. गोळ्या सुटल्यापासून तुमचं यकृत जुना साठा पुरवून पुरवून देत होतं आणि डोळा मिळेल तेवढंच पुन्हा पुन्हा वापरत होता. दोघांनी तक्रार केली नाही म्हणून तुम्हाला वाटलं, बरो आसंय. तक्रार न करण्याची सवय त्यांना कोणाकडून लागली असेल?

आता ऐका. सोबतची बंद चिठ्ठी कुडाळच्या डॉक्टरांसाठी आहे. फोडू नका, गोव्याच्या कागदांबरोबर द्या. रक्तातलं अ जीवनसत्त्व तपासतील. गोळी तुमच्या पोटात उतरेलच असं नाही, कदाचित सुई लागेल. किती आणि कधी ते डॉक्टर ठरवतील. स्वतःहून एक थेंबही जास्त नाही. हे कोठार वाजवीपेक्षा जास्त भरलं तरी यकृत बिघडतं. होडीचं तेल होडीला द्या.

नजर परत येईल असं मला वाटतं, बहुतेक लवकरच. पण अवसेच्या त्या घरट्याला माझ्याकडे सुई नाही. ते दीपेशला सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

किशोरी


तोंडवली
२ मार्च २०२५

चि. किशोरी,

महादूची शेवटची खबर, मग त्याला सोडू.

कुडाळच्या डॉक्टरांनी तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. अहवाल यायला नऊ दिवस लागले. अ जीवनसत्त्व इतकं कमी की त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही इथपर्यंत आलात कसे?" म्हटलं, "दिवसा." सुई दिली. बाकीच्या थांबवलेल्या सुयाही परत सुरू केल्या आणि काकीसमोर सही घेतली.

सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला ओटीवर बसलो होतो. दोरीवर काहीतरी हलत होतं. बघतो तर काकीचं लुगडं, काठासकट. मी कोणाला बोललो नाही. पोस्टातली सवय, खात्री झाल्याशिवाय डाक वाटायची नाही.

सत्तावीसची पहाट, पुन्हा अवस. अर्धा तास बसून किनाऱ्यावर गेलो. आधी फेसाची कड दिसली. मग ओल्या वाळूवरून धावणाऱ्या कुरल्या, बारके खेकडे. केवढं आहे ग हे सगळं काळोखात! माणूस विसरतो. आणि मग पुढे, पन्नासेक पावलांवर, कोणीतरी वाकलेलं दिसलं. अंडीचोर म्हणून काठी उचलली. तेवढ्यात त्या चोराने पदर कमरेला खोचला आणि सुरूच्या बनातून झावळ ओढत आणली.

मी होतो तिथेच खाली बसलो. तिने झावळ आडवी टाकली, एकदा मागे बघितलं, माझ्याकडेच, आणि झाडामागे जाऊन उभी राहिली. मला दिसत नाही या भरवशावर, बेधडक.

मी उठून झावळीपाशी गेलो. अडखळलो नाही.

"यशोदा," मी म्हटलं, "भायर ये. मुंगळे आसत त्या झाडाक."

झाडामागून आवाज आला, "दिसता?"

"दिसता."

"माका बघितल्यात?"

"पदर खोचलंस तेव्हापासून."

ती बाहेर आली. मला वाटलं रडेल. म्हणाली, "मगे हंगामभर माझी झोप मोडल्यात, ती भरून देवा." आणि खाली बसून वाळू उकरायला लागली. एकशे सोळा अंडी. दोघांनी उचलली.

आठ वाजता दीपेश आला. मी त्याला सगळं सांगितलं, आतड्यापासून. तीस डिसेंबरची टरफलं कुठे आहेत तेही. काकी मागून चिमटे काढत होती, मी थांबलो नाही. पोराचा चेहरा उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, मला हे वर कळवावं लागेल." म्हटलं, कळव. मग त्याने वही काढली. "आणि यंदाची घरटी?"

"आठ वाचलेली. आठही तिच्या नावावर लिव."

"खोटा सांगतत," काकी म्हणाली. "तीन ह्येंची. चांदण्यातली. पाच लिव माझी."

दीपेशने दोघांकडे बघितलं आणि पाच नि तीन लिहिली. परवा त्याच्या साहेबांचा निरोप आला. डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत पट्टा यशोदेच्या नावावर, मी मदतनीस. एकट्याने फिरायचं नाही. काल पहाटे मी चपला शोधत बसलो तर मॅडम फाटकातून ओरडल्या, "मदतनीस येतलो की मी जाव?"

पण ते नंतरचं. त्या दिवशी पाच नि तीन लिहून झाल्यावर दीपेश उठला नाही. त्याने वही फिरवून माझ्यापुढे ठेवली, डिसेंबरचं पान उघडलं आणि पेन दिलं. तीस तारखेची ओळ कोरी होती. मी तिथे घरट्याची जागा लिहिली, माझं नाव लिहिलं, आणि अंड्यांच्या रकान्यात लिहिलं : वाचलं एकही नाही, मी बाजूने गेलो.

अक्षर चांगलं आलं. दिवसाउजेडी लिहिलं होतं.

तुझा काका,
सध्या यशोदेच्या हाताखाली,
लवू